सीतारामभाऊंचं तिसरं ऊन

इरा आणि निखिल,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही मला तिकडचं काचघर दाखवलंत. आतली फुलं सुंदर होती, काच त्याहून स्वच्छ होती. मग निखिलने विचारलं, "आजी, तुझ्या शेतावरच्या ग्रीनहाउसला काच का नाही लावली? तुझं प्लास्टिक किती मळकं दिसतं." मी म्हटलं, पुढच्या वेळी सांगते. पण ते फोनवर सांगण्यासारखं नाही. शिवाय येत्या ऑक्टोबरात ते मळकं प्लास्टिक उतरवून नवं घालायचं आहे. कंत्राटदार रोज विचारतो, "मॅडम, कोणतं टाकू?" मी उत्तर द्यायला तोंड उघडते आणि माझ्याआधी सीतारामभाऊ दोनाडकर बोलायला लागतात. या माणसाचा मला जेवढा राग आला तेवढा फार थोड्या माणसांचा आला असेल. म्हणून एकदाचं लिहून काढते.

तुमचे आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी भद्रावतीबाहेर तीन एकर घेतले आणि त्यावर लोखंडी पाइपांच्या कमानींचा लांबलचक सांगाडा उभा केला. मिरची, टोमॅटो, कोबीची रोपं तयार करून आसपासच्या शेतकऱ्यांना विकायची, असा त्यांचा बेत होता. छप्पर घालायच्या आधी ते गेले. सांगाडा राहिला. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, वह्या वेळेवर तपासल्या, वेळेवर परत दिल्या. अर्धवट काम मला बघवत नाही. ते वर्षभरात पुरं करायचं मी ठरवलं आणि छप्पर निवडून द्यायला सीतारामभाऊंना बोलावलं.

ते कॉलनीतले आमचे शेजारी. गावाजवळच्या दारूगोळा कारखान्यात त्यांचं सगळं आयुष्य बांधाबांधीच्या खात्यात गेलं. ताडपत्री, मेणकागद, प्लास्टिकच्या पिशव्या, जे काही मालाभोवती गुंडाळलं जायचं ते तपासायचं आणि त्यावर 'पास' किंवा 'रिजेक्ट' लिहायचं, हे त्यांचं काम. आत काय असतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सदऱ्याच्या खिशात लहानशी स्टीलची पट्टी आणि मेणाची लाल पेन्सिल कायम असायची. चहा दिला की आधी कपावर नख वाजवून बघायचे. टिंग असा आवाज आला तर प्यायचे, नाही तर कप अदबीने बाजूला ठेवायचे. "बाई, याले तडा आहे जी." माझ्या चांगल्या सहा कपांपैकी दोन असे त्यांनी बाद केले. दोन्हींना खरोखर तडा होता, हे मला नंतर भिंग घेऊन दिसलं, आणि त्याचाही राग आला.

त्यांची बायको पार्वताबाई आरमोरीकडची. ती सांगायची, "हे मले पाह्यले आले तं माह्याकडे पाह्यलंच नाई. वर पाहून छपराचे कवेलू मोजत होते. माह्या बापाले वाटलं, पोरगी नापसंत." सीतारामभाऊ खाली मान घालून म्हणायचे, "तिसऱ्या ओळीत दोन फुटले होते."

तर निखिल, काचेबद्दल. मलाही आधी काचच हवी होती. चित्रांत पाहिलेली, नीटस. मी तसं म्हटल्यावर सीतारामभाऊंनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "खिडकीच्या काचेवर हात ठेवा, बाई. आता थांबा." मी हात ठेवून उभी राहिले. पाच मिनिटं झाली, गॅसवर दूध होतं. मी चिडून हात काढणार तेवढ्यात लांबच्या खाणीतला दुपारचा सुरुंग उडाला. तो धमाका आम्ही रोज ऐकतो, ऐकून न ऐकल्यासारखा. पण त्या दिवशी तळहाताखाली काच थरथरली, जिवंत असल्यासारखी. "ही हातभर काच आहे," ते म्हणाले, "तिथी वरतं अख्खी लांबी झाकायची आहे. रिजेक्ट." तेवढ्यात दूध उतू गेलं.

मग कंपन्यांची माणसं यायला लागली. नाशिककडून एक तरतरीत मुलगा आला, बॅगेत नमुने, तोंडात गॅरंटी.

"पाच वर्षांची लेखी गॅरंटी आहे, काका."

"वानर धरून?"

"काय?"

"वानर जी. काळ्या तोंडाचं. त्या आंब्यावरून उडी मारते अन् इथी पडते. एकटं नाई येत, सगळं खानदान घेऊन येते. ते तुमच्या कागदात बसते का नाई?"

तो हसला. "काका, आमच्याकडे नाशिकला हजारो एकरांवर हेच लावलंय."

"तुमच्याकडे मे महिन्यात भर दुपारी माणूस शेतात उभा राह्यते का?"

"राहतो की."

"इथी रोडचं डांबर वितळते बाप्पा. चपला चिकटून राह्यते." त्यांनी नमुना उचलला, कडेवरून नख ओढलं, कानाशी नेऊन हलवला, हुंगला आणि परत दिला. "कंपनी बोलून राह्यली. ऊन अजून बोललं नाई. एक ऊन पाहू."

हे 'एक ऊन पाहू' मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की मला ते झोपेतही ऐकू यायचं. त्यांचं एक ऊन म्हणजे एक पूर्ण उन्हाळा, फेब्रुवारीपासून मृगापर्यंत. त्यांनी सगळ्या नमुन्यांच्या हातभर लांबीच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर लाल पेन्सिलने नंबर घातले आणि गच्चीवर खोक्यांच्या फळ्यांची चौकट करून त्यावर ठोकल्या. तेवढ्याने समाधान झालं नाही. एक संच कोरपन्याला लेकीकडे पाठवला, कारण तिथे सिमेंटची धूळ बसते. एक आरमोरीत राहणाऱ्या आपल्या धाकट्या भावाकडे पाठवला, कारण तिथे धानाच्या बांध्यांची, म्हणजे भातखाचरांची, ओल असते. आमच्याकडे कोळशाची धूळ होतीच.

दर रविवारी ते माझ्या ओट्यावर बसून या दोन्हीकडे फोन करायचे आणि मी वही घेऊन नोंदी करायची. कोरपन्याहून कळलं की लेकीच्या सासूने दोन नंबरची पट्टी कापून लोणच्याच्या बरणीला बांधली. आरमोरीचा भाऊ तर त्याहून पुढे गेला. त्याने फायबरचा पत्रा उचलून कोंबड्यांच्या खुराड्यावर टाकला.

"कोंबड्या कशा आहेत ते नाई विचारलं," सीतारामभाऊ फोनवर ओरडत होते, "पत्रा कसा आहे?"

"पिवळा पडला, दादा. पण कोंबड्यायले सावली मस्त होते."

"रिजेक्ट," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "लिहा, बाई. पत्रा पिवळा." मी लिहिलं. कोंबड्यांचं लिहिलं नाही.

असं करता करता दोन उन्हाळे गेले. शेजारच्या गावची अनसूया नावाची शेतकरी बाई आमच्या बांधावरून रोज जायची. ती सांगाड्याकडे बघून विचारायची, "बाई, पिंजऱ्यात वाघ कधी आणता जी?" मी हसायची, पण घरी आल्यावर भांडी आपटायची. तुमच्या आजोबांनी उभं केलेलं काम लोकांच्या चेष्टेचं झालं होतं, आणि मी एका माणसाच्या नखाच्या आवाजाची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या पावसाळ्यात पाइपांच्या जोडांवर गंज चढला. तेवढं तरी माझ्या हातात होतं. आपल्याकडे लोखंड दिसलं की त्याला काळा डांबरी रंग फासायचा, हे कुणाला शिकवावं लागत नाही. फाटक असो, खिडकीचे गज असोत, पाण्याची टाकी असो. मी रंगारी बोलावला आणि दोन दिवसांत सगळ्या कमानी काळ्याकुळकुळीत करून घेतल्या. एक काम तरी पुरं झालं म्हणून मला फार बरं वाटलं. हे लक्षात ठेवा.

मग मी एका कोऱ्या कागदावर रकाने आखले, शेवटचा रकाना 'निर्णय', आणि तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. दोन दिवसांनी परत आला. काच: रिजेक्ट, सुरुंग. नळ्यांचा पॉलिकार्बोनेट पत्रा: रिजेक्ट, नळ्यांत मुंग्या आणि कोळसा. फायबर: रिजेक्ट, पिवळा. साधं पातळ प्लास्टिक: रिजेक्ट, पापड झाला. शेवटी पाच नंबर, जाड दुधी फिल्म, जिच्यातून ऊन गाळून पसरल्यासारखं येतं. तिच्यापुढे लिहिलं होतं, 'बरी. तिसरं ऊन पाहावं.'

"तिसरं ऊन मी बघणार नाही," मी म्हटलं. "मी फिल्म मागवते आहे."

"तुमी मालक, बाई," ते म्हणाले. रागावले नव्हते. पण 'पास' असंही म्हणाले नाहीत.

ऑक्टोबरात फिल्म चढली. सीतारामभाऊ सकाळपासून हजर होते. त्यांनी सगळी लांबी चालत जाऊन फिल्म दोन्ही बाजूंनी हाताळली, नख ओढलं, आवाज ऐकला. ते फिल्म बघत होते आणि मी घड्याळ. कमानींकडे आम्हा दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.

हिवाळा चांगला गेला. कोबीची, टोमॅटोची रोपं हातोहात गेली. पहिलं गिऱ्हाईक अनसूया. मग मिरचीसाठी चार गावांतल्या शेतकऱ्यांची नावं मी वहीत लिहून घेतली. अनसूया म्हणाली, "मी घरी बी टाकतच नाई यंदा. तुमच्या भरोशावर राह्यतो." मी तिला म्हटलं, मृग संपताना येऊन रोपं घेऊन जा. हे मी तिला नुसतं म्हटलं नाही, तिच्यासमोर लिहिलं.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी वावधन सुटलं. अर्ध्या तासाचं वादळ, वर पाऊस. मी शेतावर पोचले तेव्हा फिल्म फडफडत होती. ती वाटेल तिथे, वाटेल तशी फाटली नव्हती. प्रत्येक कमानीवर सरळ रेषेत फाटली होती, पट्टी ठेवून कापल्यासारखी. खाली ट्रेमधली बोटभर रोपं मातीसकट वाहून गेली होती.

दुसऱ्या दिवशी अनसूया आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती रिकाम्या ट्रेपाशी उभी राहून म्हणाली, "आता मिरची कुठून लावू जी? बी टाकाचे दिवस तं गेले." आणि निघून गेली. माझ्या वहीतलं तिचं नाव तसंच राहिलं.

दुपारी एकच्या सुमारास सीतारामभाऊ आले. ऊन पुन्हा पडलं होतं. त्यांनी लोंबणारी फिल्म हातात घेतली. कमानीजवळचा तुकडा तपकिरी झाला होता, बोटांत चुरला. वीतभर पलीकडे तीच फिल्म नवी असल्यासारखी दुधी, मऊ. त्यांनी पाइपवर तळहात ठेवला आणि झटकन काढला.

"हे काळं कोनं केलं?"

"मी. गंज चढत होता. तुमचं संपत नव्हतं."

त्यांनी कमानीच्या काळ्या रंगावर नख ओढलं. मग म्हणाले, "माह्या गच्चीवर लाकूड होतं. लाकूड असं तापत नाई."

आणि मी बोलू नये ते बोलले. "दोन वर्षं! दोन वर्षं तुम्ही मला थांबवलंत, भाऊ. कोरपना, आरमोरी, वानरं, कोंबड्या. आणि तपासलंत कशावर? खोक्याच्या फळीवर!"

"हाव जी," ते म्हणाले. "फळीवर." आणि चालायला लागले. त्यांची स्टीलची पट्टी ट्रेवरच राहिली.

आठ दिवस ते आले नाहीत. शेवटी पट्टी परत द्यायचं निमित्त करून मी त्यांच्या घरी गेले. पार्वताबाईने दार उघडलं आणि मला बसवून हळू आवाजात जे सांगितलं ते मला आधी माहीत नव्हतं. फार वर्षांपूर्वी आरमोरीच्या भावाने मळणीच्या धानावर टाकायला ताडपत्री घेतली होती, यांना दाखवून. यांनी कापड तपासलं आणि पास म्हटलं. अवकाळी पावसात सगळं धान भिजून त्याला कोंब फुटले. कापडाला काही झालं नव्हतं. शिवण उसवली होती. "कापड पाह्यलं, शिवण नाई पाह्यली," पार्वताबाई म्हणाली. "तवापासून यायच्या तोंडून घरच्या कोन्याच गोष्टीले पास निघत नाई. माह्या भाजीलेही नाई. अन् आता पाइप."

मी वर गेले. गच्चीवरची फळ्यांची चौकट मोडून एका कोपऱ्यात रचलेली होती. तिच्या जागी विटांवर लोखंडी पाइपचे तीन तुकडे ठेवले होते: एक काळा, एक उघडा, एक पांढऱ्या धोतराच्या पट्टीत गुंडाळलेला. माझं डोकं पुन्हा भडकलं. पुन्हा नमुने, पुन्हा एक ऊन!

"या खेपेले ऊन नाई मांगत," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "दोन वाजले. हात लावा अन् तुमीच सांगा."

काळ्यावर बोट टेकवलं तर चटका बसला. उघडा थोडा वेळ सोसवला. पांढऱ्या कापडातला पाइप मी मुठीत धरून उभी राहू शकले. दोन वर्षांत जे झालं नाही ते एका मिनिटात झालं. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त एवढंच वाटलं, हे दोघांनाही आधी का सुचलं नाही?

पावसाळा ओसरल्यावर त्यांनी एकेक कमान घासून घेतली, पांढरा रंग दिला आणि फिल्म जिथे टेकते तिथे पांढरं कापड गुंडाळलं. धोतरं संपली तेव्हा कॉलनीतल्या बायकांनी जुन्या चादरी दिल्या. तुमच्या बाबांचे शाळेचे पांढरे शर्ट मी जपून ठेवले होते, तेही दिले. सत्तरी ओलांडलेला माणूस शिडीवर चढून बँडेज बांधल्यासारखा ते कापड बांधायचा आणि मी खालून ओरडायची, "भाऊ, उतरा आता!" वरून उत्तर यायचं, "शिवण पाहून राह्यलो." मग पाच नंबरचीच नवी दुधी फिल्म चढवली.

पुढच्या जूनमध्ये वावधन आलं तसंच गेलं. फिल्म धडधडली, फाटली नाही. अनसूया मिरचीची रोपं घ्यायला आली, एकेक ट्रे उचलून खालून-वरून पाहू लागली. मी म्हटलं, "आता तूही सीतारामभाऊ झालीस का?" ती म्हणाली, "एक डाव भरोसा ठेवला होता ना जी." मी पुढचा ट्रे उचलून तिच्या हातात दिला. रोपं मात्र तिने सगळी नेली.

त्या संध्याकाळी मी तो रकान्यांचा कागद पुन्हा त्यांच्यापुढे ठेवला. 'बरी' खोडून त्यांनी लिहिलं, 'चालते. नजर ठेवावी.'

"भाऊ, आता तरी 'पास' लिहा. माझ्यासाठी."

"बाई, पास केल्यावर माणूस वरतं पाह्यत नाई," ते म्हणाले आणि पेन्सिल खिशात ठेवली. मी कागद ओढून घेतला. इतकं सगळं होऊनही या माणसाकडून एक शब्द काढता आला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी त्यांची नजर अधू झाली आणि लेक दोघांना कोरपन्याला घेऊन गेली. मी भद्रावतीच्या स्टँडवर पोचवायला गेले होते. चंद्रपूरची बस लागली. पार्वताबाई रडत होती, माझ्या हातात काहीतरी खाऊ कोंबत होती. सीतारामभाऊ खिडकीपाशी बसले होते. दिसत तर फारसं नव्हतं. त्यांनी खिडकीच्या काचेवर नख वाजवलं, कान जवळ नेला, मग माझ्या दिशेने तोंड करून मान हलवली. नाही. बस निघाली. तेवढंच त्यांचं शेवटचं दर्शन. गेल्या हिवाळ्यात पार्वताबाईचा फोन आला की ते गेले. शेवटच्या दिवसांत पांघरूण बदललं की त्याची कड चाचपून बघायचे, असं ती म्हणाली.

कंत्राटदाराला मी आज सांगितलं आहे: तीच दुधी फिल्म, आणि कमानींवरच्या कापडाला हात लावायचा नाही. अनसूयाचं नाव यंदाच्या वहीत पहिलं आहे. जुनी फिल्म मळकी झाली आहे, वानरांनी दोन ठिकाणी पाडलेली भोकं चिकटपट्टीने बुजवलेली आहेत. तरी ती सांगाड्यावर आहे. सीतारामभाऊंनी दाराच्या आडव्या पाइपला बांधलेल्या, गच्चीवरच्या पाच नंबरच्या पट्टीवरचा लाल आकडा अजून वाचता येतो, आणि धोतरांचं, चादरींचं, तुमच्या बाबांच्या शर्टांचं पांढरं कापड सगळ्या कमानींवर शाबूत आहे.